आधी पाणी, मग सल्ला

आमच्या मास्तरांकडे सल्ला फुकट मिळे, पण त्याला एक अट असे. आधी फुलपात्रभर पाणी प्यायचं. तहान असो वा नसो. त्यांच्या घराच्या सोप्यात दाराशीच तिवईवर पितळी घागर असे आणि तिच्यावर उपडं घातलेलं फुलपात्र. माणूस कट्ट्यावर टेकला की मास्तर स्वतः उठून पाणी भरून देत आणि तो ते संपवीपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसत. एखाद्यानं घाईघाईनं, “मास्तर, म्हशीचं काय करू?” असं सुरू केलंच, तर हात वर करून त्याला थांबवत.

“आधी पाणी. तानलेल्या माणसाला सल्ला पचत न्हाय.”

ती घागर सल्ला मागणाऱ्यांची. मास्तरांना स्वतःला तहान लागली तर ते आत स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पीत. सोप्यातल्या घागरीला त्यांनी कधी तोंड लावलेलं मी पाहिलं नाही, कारण सल्ला मागायला ते कुणाकडे जातच नसत.

आणि गंमत अशी की त्यांचा सल्ला जवळजवळ कुणीच ऐकत नसे. लोक येत, पाणी पीत, मान डोलावत, “बरोबर हाय मास्तर” म्हणत आणि घरी जाऊन नेमकं उलट करत. एका शेतकऱ्यानं विहीर कुठे खणू म्हणून विचारलं. मास्तर त्याच्याबरोबर भर उन्हात बांधाबांधानं फिरले आणि उंबराजवळची जागा दाखवून आले. त्यानं विहीर खणली ती घराजवळ, बायकोला लांब जावं लागू नये म्हणून. खाली काळा पाषाण लागला. तर हा बुवा भांडायला मास्तरांच्याच कट्ट्यावर आला.

“तुमी जोर देऊन सांगितलंच न्हाय!”

मास्तरांनी त्याला पाणी पाजलं आणि म्हणाले, “चुकलं माझं. फुडल्या वेळंला जोर देतो.” मी तिथेच बसलो होतो. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मी निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो, ती दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची वर्षं. मी बेळगावचा, खडेबाजारात वाढलेला, त्यामुळे निपाणीला आलो तो तोंड वाकडं करूनच. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका उंच, हाडकुळ्या, फेटा बांधलेल्या माणसानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुमी इंग्रजी का?”

“हो, इंग्रजी शिकवतो.”

“मग इंग्रजीच.”

त्या दिवसापासून मी ‘इंग्रजी’ झालो. मास्तर सगळ्यांना विषयावरून हाक मारत. “गणित, आज तुमचं पोट बरं दिसत न्हाय, ताक घ्या.” “ड्रॉइंग, पोरीचं लगीन मिरगाच्या आत उरकून घ्या, न्हायतर मांडव गळंल.” स्वतःला ते भूगोल म्हणवत. त्यांचा भूगोलही अजब होता. नकाशा भिंतीवर टांगलेला असे, पण तिकडे पाठ करून ते वर्गाला सांगत, “भूगोल लई सोपा. पाणी कुठं हाय तेवढं बघायचं. मग गाव कुठं असंल, बाजार कुठं भरंल, भांडण कुठं हुईल, सगळं आपसूक कळतंय.” पोरं परीक्षेत हेच लिहीत आणि नापास होत.

शाळेत यायला ते रोज नवी वाट धरत. कधी पेठेतून, कधी मळ्यातून, कधी पार कोल्हापूरच्या रस्त्यानं वळसा घालून. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि हे येत घामाघूम होऊन. मी विचारलं तर म्हणाले, “एकाच वाटंनं गेलं की एकाच माणसाला सल्ला मिळतोय. बाकीच्यांनी काय केलंय?”

मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की वखारीकडे खिडकी असलेली खोली घेऊ नका. मी घेतली. खोली हवेशीर होती आणि मला वाटलं, या गावंढळ माणसाचं काय ऐकायचं. माघ सरला, तंबाखूचा हंगाम लागला आणि वखारीतून तपकिरीसारखी धूळ माझ्या त्या हवेशीर खिडकीतून आत येऊ लागली. मी शिंकत शिकवी, शिंकत जेवी, शिंकत झोपे. मास्तरांनी एकदाही “मी सांगितलं होतं” असं म्हटलं नाही. उलट ओव्याची पुरचुंडी आणून दिली आणि ती कशी हुंगायची ते दाखवलं. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते हेडमास्तर का झाले नाहीत याचीही एक गोष्ट आहे. शाळा तपासायला वरचे अधिकारी आले होते. मास्तरांचा धडा झाला, अधिकारी खूश झाले आणि जाता जाता सहज म्हणाले, “काही सांगायचं आहे का?” असं विचारणारा माणूस मास्तरांना आयुष्यात क्वचितच भेटला असेल. त्यांनी आधी साहेबांना पाणी पाजलं. मग म्हणाले, “साहेब, तुमी येनार ते आदल्या आठवड्यात कळवता. मग आमी भिंती सारवतो, पोरं घासूनपुसून बशिवतो. एकदा न कळवता या. खरी शाळा दिसंल.” आमच्या हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा ती जागा मास्तरांना सोडून गणिताला मिळाली. मास्तरांनी गणिताचं अभिनंदन केलं आणि टेबल खिडकीकडे वळवून घ्यायचा सल्ला दिला. गणितानं टेबल होतं तिथेच ठेवलं.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी बेळगावचं एक वर्तमानपत्र पडलं आणि त्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं की सल्लागार पाहिजे.

त्याचं असं झालं होतं. गावाबाहेर कोल्हापूरच्या रस्त्याला मुंबईच्या एका कंपनीनं तंबाखू खरेदीसाठी मोठं आवार बांधलं होतं. पत्र्याची गोदामं, लोखंडी फाटक, विलायती काटा आणि एक गोरा साहेब. सगळं होतं, फक्त तंबाखू येत नव्हती. बोदांनी लादलेल्या गाड्या फाटकावरून सरळ पुढे जात आणि पेठेतल्या अडत्यांच्या दारात सुटत. बोद म्हणजे आमच्याकडचं तंबाखूचं भलंमोठं पोतं. साहेबानं हरप्रकारे खटपट केली, दवंडी पिटवली. गाडीवान फाटकाकडे बघत, हसत आणि बैलांना हाकत. शेवटी कंपनीनं जाहिरात दिली की या भागातल्या शेतकऱ्यांची माहिती असलेला सल्लागार नेमायचा आहे, अर्ज इंग्रजीत करावा आणि सोबत आपली लायकी सांगणारं पत्र जोडावं.

मास्तरांनी ती जाहिरात शिक्षकांच्या खोलीत उभ्यानं वाचली. मग कधी नव्हे ते खाली बसले. “इंग्रजी,” ते हळूच म्हणाले, “ह्याचा पगार देतात?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. अर्ज करायच्याही आधी! मी कपाळाला हात लावला. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, तर दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा चुलीपुढून त्यांचा आवाज आला, “सांगा भावजी तुमीच. हातातली भाकरी टाकून कोन जात्रंतल्या जेवनाला जातंय? ह्या वयात दुसरी नोकरी कोन देनार ह्यास्नी?”

“एका घरात जेवायचं आन् दुसऱ्या घरात हात धुवायचे, ते मला जमायचं न्हाय,” मास्तर म्हणाले. “सल्ला देनारा मोकळा पायजे.”

आक्कांचं बरोबर होतं. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर इतकं तेज आलं होतं की मला बोलवेना.

सोबतचं पत्र इंग्रजीत करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. दर रविवारी दुपारी आम्ही कट्ट्यावर बसत असू. मास्तर मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत उतरवून घेई. पहिला मसुदा त्यांच्या आजोबांपासून सुरू झाला. मी म्हटलं, “मास्तर, साहेबाला आजोबा नकोत. इतकी वर्षं शिकवणारा माणूस एकदम सल्लागार व्हायला का निघाला, ते त्याला वरच कळलं पाहिजे.”

“निघालोय कुठं? मी पैल्यापास्नं त्येच करतोय. मास्तरकी हा माझा जोडधंदा.”

हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचेना. शेवटी ‘शिकवण्यामुळे कानडी-मराठी दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांच्या पोराबाळांशी आणि घराघरांशी संबंध आला’ असं काहीतरी सभ्य लिहिलं. मास्तरांना ते पुळचट वाटलं. खाली सहीच्या वर रिवाजाप्रमाणे मी ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ घातलं, तर त्यांनी अर्थ विचारला आणि उठूनच उभे राहिले.

“आज्ञाधारक नोकर? अवो, आज्ञा पाळनारा सल्ला कसा देईल? खोडा ते.”

“मास्तर, लाटसाहेबसुद्धा असंच लिहितात.”

“म्हनूनच राज्याचं असं झालंय.”

मी खोडलं. त्या जागी ‘आपला हितचिंतक’ आलं.

पण खरी कटकट पत्राच्या पोटात होती. मास्तरांनी कंपनीचं दुखणं केव्हाच ओळखलं होतं. रोज नव्या वाटेनं हिंडणारा माणूस तो. गाड्या कुठे थांबतात, का थांबतात, हे त्यांनी हंगामचे हंगाम पाहिलं होतं. बैल लांबून उन्हातान्हात येतात. कंपनीच्या फाटकाशी ना पाणी ना सावली. पाणी थेट पेठेत, अडत्यांच्या वखारींपाशी. बैल तिथे ओढ घेतात. तिथे सोडले, पाणी पाजलं की अडत्या म्हणतो, आलायस तर माल इथंच उतर. मास्तरांनी सांगितलं आणि मी लिहिलं: फाटकाबाहेर बैलांसाठी हौद बांधा, आवारातल्या विहिरीवरून त्यात नळ आणा, चार झाडं लावा. काटा गोदामाच्या पोटात आहे तो बाहेर काढून शेतकऱ्याला दिसेल असा उभा करा. आणि काट्यावर कानडी-मराठी दोन्ही बोलणारा माणूस ठेवा, कारण चिकोडीकडचा शेतकरी इंग्रजी पावतीला भितो. हौद केवढा, किती खोल, कुठल्या बाजूला, हेसुद्धा मास्तरांनी लिहायला लावलं. सोबत आकृती काढून दिली.

त्या रविवारी शेजारचे आप्पा येऊन बसले होते. आप्पा जैन, तंबाखूचे अडते, चिकोडीकडचे, घरात कानडी बोलणारे. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. आप्पांनी फुलपात्र खाली ठेवलं.

आमच्या पेठेत एक रीत होती. शेतकरी बोदात हात घालून मूठभर तंबाखू काढतो आणि घेणाऱ्यापुढे टाकतो. घेणारा ती चुरडतो, वास घेतो, आणि पसंत पडली तर हात पुढे करतो. मग दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि आत बोटं धरून भाव ठरतो. ती मूठ परत मागायची नसते. ती नमुन्याची.

“मास्तर,” आप्पा म्हणाले, “नमुना मुठीचा असतोय री. तुमी तर अख्खं बोद ओतलंय साहेबाफुडं.”

“सल्ला म्हंजे तंबाखू न्हवं, आप्पा. झाकून ठिवला की कुबट मारतोय.”

“मारू द्या की. आदी हात तर धरू द्या त्याला. अडचन काय हाय ते ठावं हाय एवढंच लिवा. तोड नेमल्यावर सांगतो म्हना.”

आतून आक्का म्हणाल्या, “आयका जरा त्यांचं.” मीही तेच म्हटलं.

मास्तरांनी मान हलवली. “तानलेला बैल दारात उबा हाय आन् मी म्हनू, आदी कागद कर, मग पाणी दावतो? माझ्या हातनं हुनार न्हाय.”

आप्पा उठले. दिवस कलला होता आणि त्यांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असे. पायात वहाणा घालताना म्हणाले, “तुमचं त्यानं आयकलं तर गाड्या तिकडंच सुटतील. माझ्याच पोटावर पाय येतोय बगा. तरीबी सांगाय आलतो. शेजारी हाय म्हनून.” आणि गेले.

साऱ्या गावानं मास्तरांचा सल्ला कधी ऐकला नाही. मास्तरांनी तरी कुणाचा ऐकला? तो एवढा एकच, शहाणा आणि मायेचा सल्ला त्यांच्या दारात चालत आला होता, आणि त्यांनी तो पाणी पाजून परत पाठवला.

पत्र गेलं. थोड्याच दिवसांत साहेबाचा शिपाई बोलावणं घेऊन आला. आक्कांनी लग्नातला कोट काढून दिला आणि मला दुभाषी म्हणून बरोबर धाडलं. साहेब भला माणूस होता, उगीच खोटं कशाला बोलू. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, म्हणाला की इतकं उपयोगी पत्र त्यानं या देशात आल्यापासून वाचलं नव्हतं. मी ते मराठीत सांगितलं. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या सुरईतून ग्लास भरला आणि साहेबापुढे धरला.

“आधी पाणी प्या म्हनावं.”

मी हे इंग्रजीत सांगताना घामानं डबडबलो. साहेब चकित झाला, माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि निमूटपणे ग्लास संपवला. मास्तरांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं. मग ते बोलू लागले. कुठल्या गावाची गाडी कुठल्या दिवशी येते, कुठला शेतकरी कुणाच्या शब्दात आहे, काट्यावरच्या माणसानं आधी रामराम करावा की नमस्कार. साहेब विचारत होता आणि लिहून घेत होता. चहा आला, गार झाला. निघताना साहेबानं हस्तांदोलन केलं आणि कळवतो म्हणाला.

परतताना मास्तर रस्त्याच्या मधून चालत होते. “इंग्रजी, बगितलंत? एकबी शब्द वाया गेला न्हाय.” मी हो म्हटलं. माझ्या मनात आप्पांचं बोद येऊन बसलं होतं, पण त्या आनंदात ते कुठे बोलून दाखवायचं?

चैत्रात फाटकाबाहेर गवंडी आले. हौद बांधला गेला, मास्तरांच्या आकृतीबरहुकूम, खोलीसुद्धा तीच. विहिरीवर यंत्र बसलं, नळाची धार हौदात पडू लागली. काटा बाहेर आला. काट्यावर बेळगावहून आणलेला, दोन्ही भाषा बोलणारा एक तरुण कारकून उभा राहिला. पहिल्याच दिवशी गाड्या तिथे थांबल्या. बैल सोडले गेले, माणसं झाडांच्या रोपांपाशी टेकली, आणि आलोच आहोत तर दाखवू माल म्हणून बोद उतरले. पेठेतल्या वखारींपुढचा रस्ता मोकळा पडला.

मग कंपनीचं पत्र आलं. मास्तरांनी ते मला वाचायला दिलं. फार सभ्य पत्र होतं. आपल्या बहुमोल सूचनांबद्दल कंपनी ऋणी आहे. ज्या अडचणीसाठी सल्लागार नेमायचा होता ती दूर झाल्यामुळे जागा भरण्याचं आता कारण उरलेलं नाही.

मी वाचलं आणि मराठीत सांगायला माझी जीभ रेटेना. आक्का दारात उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, “सांगा की.” मी सांगितलं.

त्यांनी पत्राची नीट घडी घातली. मग एकदम म्हणाले, “पर आयकलं की त्येनी.” आणि माझा हात धरला. “इंग्रजी, खोलीसुदिक तीच ठिवलीया. आजवर कुनी एवढं आयकलं न्हवतं.”

आक्का दारातून पुढे झाल्या. त्यांनी सोप्यातली घागर उचलली, अंगणात नेऊन तुळशीला ओतली आणि रिकामी करून उपडी घातली. नंतर ती तिवईवर परत आली नाही. मला त्या दिवशी जे वाईट वाटलं ते आजही तसंच वाटतं. साहेबाचा राग करावा तर तो लबाड नव्हता. मास्तरांचा करावा तर त्यांनी वाईट काय केलं होतं?

शाळेनं त्यांची जागा भरून टाकली होती. पेठेतले अडते त्यांच्याशी बोलेनासे झाले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं पाणी पाजलं ते लोक कट्टा टाळून पलीकडून जाऊ लागले. “घरभेदी मास्तर,” असं कुणीतरी त्यांच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं. ते आक्कांनी पुसलं, पण डाग राहिला. शेवटी आप्पाच पुढे आले. त्यांचा धंदा निम्म्यावर आला होता, तरी म्हणाले, “मास्तर, माझ्या दुकानात बसा. चिठ्ठ्याचपाट्या लिवा. पर एक अट हाय. कुनाला सल्ला द्यायचा न्हाय. गिऱ्हाईक बिथरतंय.”

मास्तरांनी अट पाळली. मी दुकानावरून जाई तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले दिसत, हातात टाक, ओठ घट्ट मिटलेले. समोर कुणी शेतकरी भिजका माल सुक्या मालावर रचताना दिसला की त्यांचा गळा हले, पण आवाज येत नसे. ते बघवत नसे मला. मी वाट बदलून जायला लागलो. मास्तरांची सवय अशा रीतीनं मला लागली.

पुढे माझी बेळगावला सोय झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो, तर म्हणाले, “चला, जरा कोल्हापूरच्या रस्त्यानं जाऊन येऊ.” मला कळलं, कुठे जायचं ते. आक्का म्हणाल्या होत्या की ते रोज तिकडेच जातात.

हौदापाशी दोन-तीन गाड्या सुटलेल्या होत्या. कारकून पावत्या फाडत होता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं आणि ओळखलं नाही, कारण ओळखायचं काही कारण नव्हतं. आम्ही कडेला उभे राहिलो. एवढ्यात एक गाडी धुरळा उडवत आली. पोरगेल्या गाडीवानानं जू खाली टाकलं आणि धापा टाकणारे, फेसाळलेले बैल तसेच हौदाकडे ओढले.

मास्तर दोन पावलं पुढे झाले. “जरा दम खाऊ दे रं त्यास्नी. घाम मुरू दे. मग पाज.”

गाडीवानानं वळूनही पाहिलं नाही. “तुमास्नी कुनी इचारलंय, म्हातारबा?”

मास्तर तिथल्या तिथे थांबले. “व्हय की,” म्हणाले. “कुनी न्हाय इचारलं.”

बैल घटाघटा प्यायले. गाडीवान माल उतरवायला गेला. मला वाटलं, आता मास्तर परत फिरतील. ते फिरले नाहीत. हौदाच्या टोकाशी गेले, नळाच्या धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायले. सावकाश, पुन्हा ओंजळ भरून, तहान पुरी होईपर्यंत. मग फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि हौदाच्या कठड्यावर येऊन बसले, त्यांच्या कट्ट्यावर लोक बसत तसे, हात गुडघ्यांवर ठेवून.

“पाणी पेलोय मी, इंग्रजी,” ते म्हणाले. “आता तुमी सांगा. म्या काय करावं?”

मी त्यांच्याजवळ बसलो. आप्पांच्या दुकानातून बाहेर पडा म्हणावं, तर जायचं कुठे? आपल्या मूळ गावी परत जा म्हणावं, तर तिथे कोण होतं? पुन्हा सल्ला द्यायला लागा म्हणावं, तर कुणाला? ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी मन लावून, आणि मी जे काही सांगितलं असतं ते त्यांनी ऐकलं असतं याची मला खात्री होती.

पत्र्याच्या गोदामाची सावली हौदावर आली तेव्हा आम्ही उठलो आणि गावाकडे चालू लागलो.